चष्म्यातलं तळं

चष्मा पहिल्यांदा अध्यक्षांनी घातला, कारण गावात काहीही पहिल्यांदा घालायचं, चाखायचं किंवा कापायचं असलं की तो मान त्यांचा. हा चष्मा साधा नव्हता. काळा खोका, डोक्यामागून पट्टा, आणि समोर काचच नाही. एकदा घातला की आजूबाजूचं काही दिसायचं नाही, दिसायचं ते आतलंच. सभागृहाच्या मधोमध प्लास्टिकची खुर्ची मांडली होती. अध्यक्ष बसले, मोजणीवालीनं पट्टा आवळला, तशी त्यांनी खुर्चीचे हात गच्च धरले.

"पडणार नाही ना मी?"

"नाही काका. खुर्चीतच आहात तुम्ही."

"ते मला माहीत आहे. पायांना कोण सांगणार?"

लोक हसले. अध्यक्षही हसले, पण त्यांनी हात काही सोडले नाहीत.

मोजणीवाली पंचविशीची मुलगी होती, उन्हानं रापलेली, बोलायला गोड आणि कामाला तिखट. ओढ्यावर बांध घालून गावासाठी तळं करायचं असं वरून ठरलं होतं आणि तळ्याचं पाणी कुठवर येईल ते आधी दाखवायचं काम तिच्याकडे होतं. मागच्या आठवड्यात तिनं गावभर जमिनीवर काळ्या-पांढऱ्या चौकटींच्या फळ्या मांडल्या, काठीवरच्या यंत्रानं एकेका फळीची उंची घेतली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ड्रोन उडवून वरून हजारभर फोटो काढले. त्या फोटोंवरून आणि फळ्यांच्या उंचीवरून संगणकानं पुन्हा गाव केलं. घरं, झाडं, बांध, गोठ्याबाहेर रवंथ करत बसलेली गाय, सगळं जसंच्या तसं. चष्मा घातला की त्या गावावरून हिंडता यायचं, आणि मोजणीवालीनं कळ दाबली की त्यात पाणी भरायचं.

ज्या घरापर्यंत पाणी येईल ते घर उठणार होतं. बदल्यात टेकडीच्या पायथ्याशी नवी जागा मिळायची, खडकाळ. शुक्रवारी दुपारी आराखडा वर जायचा होता, आणि तो एकदा गेला की मग त्यातला कानामात्रासुद्धा कुणाला हलवता येणार नव्हता.

अध्यक्षांनंतर 'बरोबर' बसला. कुणी काहीही बोललं की 'बरोबर' म्हणायची त्याला खोड होती. दोघं भांडत असले तरी त्याला दोघांचंही बरोबर वाटायचं, म्हणून गाव त्याला याच नावानं ओळखायचं. त्यानं चष्म्यातून इकडे तिकडे मान फिरवली आणि त्याच्या चेहऱ्यावर लग्न ठरल्यासारखं हसू आलं.

"मी तळ्याकाठचा झालो की," तो म्हणाला. "माझ्या बांधाला पाणी लागलंय. आता बांधावर बसून मासे धरायचे."

तिसरा नंबर गवंड्याचा. पन्नाशी ओलांडलेला, बुटका, मनगटं जाड, बोटांच्या भेगांत कायमचं सिमेंट. गावातली निम्मी घरं त्याच्या हातची होती. त्याचं स्वतःचं घर ओढ्याच्या अंगाला, गावाच्या अगदी टोकाला, बरोबरच्या शेताला लागून. आपल्याला काय फरक पडतो अशा ऐटीत तो खुर्चीवर बसला, पण चष्मा डोळ्यांवर येताच लहान मुलासारखा हरखला.

"हा माझा पत्रा. ही शाळा. अरे, शाळेची पन्हळ वाकडी दिसतेय. ती मी नव्हती बसवली, आधीच सांगतो."

"आता पाणी भरते हं काका," मोजणीवाली म्हणाली.

ओढ्याच्या पात्रातून निळं पाणी वर आलं. शांतपणे, आवाज न करता, दोन्ही काठांवर पसरत गेलं. बरोबरचा बांध ओला झाला. गवंड्याच्या घरामागची शेवग्याची दोन झाडं बुंध्यापर्यंत बुडाली. मग पाणी अंगणात शिरलं, पायरी गेली, जोतं गेलं, आणि खिडकीच्या चौकटीला टेकून थांबलं. गवंडी आपल्याच अंगणात उभा होता आणि पाणी त्याच्या चहूबाजूंनी होतं. त्यानं दोन्ही हातांनी विजार गुडघ्यांपर्यंत वर खेचली.

सभागृहात हास्याचा एकच कल्लोळ उठला. अध्यक्षांना ठसका लागला. मागच्या बाकावरच्या बायकांनी तोंडाला पदर लावले. गवंड्यानं चष्मा काढला तेव्हा सगळं गाव त्याच्या उघड्या नडग्यांकडे बघत होतं.

"भिजलात का हो?" कुणीतरी विचारलं.

"माझं घर होतं ते," गवंडी म्हणाला.

हसणं थोडं कमी झालं. अध्यक्षांनी घसा साफ केला आणि नवी जागा हवेशीर आहे असं काहीतरी सांगितलं.

"माझ्या दारात पाणी चढणार नाही," गवंडी विजार खाली सोडत म्हणाला. "तिथलं जोतं मी घातलंय. ओढा किती खाली आहे ते मला डोळ्यांनी कळतं."

"काका, डोळ्यांचं मला वर लिहून देता येत नाही," मोजणीवाली म्हणाली. तिला वाईट वाटलेलं दिसत होतं. "काठीवरचं यंत्र दुसऱ्या गावी गेलंय, ते पुढच्या सोमवारी येईल. आराखडा तर शुक्रवारी जायचाय. तुमच्याकडे मोजमाप असलं तर आणा. नीट असलं तर मी आराखडा थांबवीन."

"यंत्रापुढे माणसाचं मोजमाप कसलं?" अध्यक्ष म्हणाले.

"बरोबर," बरोबर म्हणाला.

*

गवंडी घरी पोचला तेव्हा गवंडीण अंगण झाडत होती. ती दिवसातून तीनदा अंगण झाडायची. तिच्या घरात कोंबडीसुद्धा पाय पुसून येते असं गाव म्हणायचं, आणि त्यात फार खोटं नव्हतं. सून ओट्यावर बसून शेंगा सोलत होती. तिचा नवरा मालट्रकवर होता आणि रविवारीच काय तो घरी असायचा. सून येऊन आठ महिने झाले होते. बोलायची कमी, पण बोलली की मोजकं आणि नेमकं.

"विजार वर खेचलीत म्हणे," गवंडीण झाडू न थांबवता म्हणाली.

"कुणी सांगितलं?"

"तुमच्या आधी बातमी घरी आली. तिच्या पायांना संधिवात नाही."

गवंड्यानं खिशातून टेप काढला, पायरीवर उकिडवा बसला आणि पायरीपासून खिडकीच्या चौकटीपर्यंतची उंची मोजली. पावणेतीन फूट. मग त्यानं पुन्हा मोजली, जणू आकडा बदलणार होता. गवंडीणीनं झाडू भिंतीला टेकवला.

"इथवर?"

"इथवर."

ती खिडकीजवळ गेली आणि चौकटीवरची नसलेली धूळ पदरानं पुसली. "पोरगा पोटात होता तेव्हा महिनाभर या भिंतींना पाणी मारलंय मी," ती म्हणाली. "सकाळ-संध्याकाळ. तुम्ही म्हणायचात, भिंत तहानलेली राहिली तर तडकेल. मी नाही जायची खडकावर."

"मला तरी कुठे जायचंय?"

"मग तिथे विजार कशाला सावरत बसलात? भांडायचं होतं."

"यंत्राशी कसं भांडायचं ते तूच सांग."

सुनेनं एक शेंग सोलली, दाणे सुपात टाकले आणि वर न बघता म्हणाली, "बाबा, तुमची लेव्हलची नळी आहे ना?"

गवंड्यानं तिच्याकडे पाहिलं.

"ओढ्याच्या काठी तळ्याचं पाणी कुठवर चढेल त्याची खूण केलीय त्यांनी, लाल रंगाची, दगडावर," सून म्हणाली. "तिथून इथपर्यंत नळीनं मोजत आलं तर?"

"सहाशे पावलं आहेत, बाई."

"असू देत की."

गवंडी कधी नव्हे तो मोठ्यानं हसला. "ऐकलंस का," तो बायकोला म्हणाला, "हिला ओळखायला आपल्याला आठ महिने लागले."

*

लेव्हलची नळी म्हणजे तीस फूट लांबीचा पारदर्शक पाइप. त्यात पाणी भरायचं, दोन्ही टोकं वर धरायची, आणि दोन्हीकडचं पाणी आपोआप एका पातळीला येऊन थांबतं. त्यात वीज नाही, कळ नाही. गवंड्यानं उभ्या जन्मात तिच्यावर जेवढा विश्वास ठेवला तेवढा फक्त बायकोवर ठेवला होता. त्यानं दोन सरळ काठ्यांवर इंचांच्या खुणा केल्या. मंगळवारी ऊन चढायच्या आत तिघंही ओढ्यावर गेली. लाल खुणेपाशी मागची काठी गवंड्यानं धरली, पुढची सुनेनं. गवंडीणीकडे खुंट्या, हातोडी, पाण्याची कळशी आणि वही.

"सोडा बोट," गवंडी ओरडायचा. दोघं टोकांवरची बोटं काढायची. नळीतलं पाणी वर-खाली डुलायचं, डुलायचं आणि थांबायचं.

"माझं चौतीस," तो म्हणायचा.

"माझं बत्तीस," सून म्हणायची.

"दोन इंच चढ. लिही गं."

मग खुंटी ठोकायची, मागची काठी पुढे, पुढची आणखी पुढे. कुठे तीन इंच चढ, कुठे इंचभर उतार. पंचवीस पावलांत गवंड्याची कंबर बोलायला लागली, कारण उकिडवं बसून पाण्याची रेघ डोळ्यांसमोर धरावी लागते आणि डोळे पूर्वीचे राहिलेले नव्हते. मक्याच्या वाळक्या पात्यांनी सुनेच्या हातांवर ओरखडे उठले. येणारे जाणारे थांबायचे.

"काय हो, ओढा घरी नेताय का?"

"विजार सांभाळा, पाणी आहे नळीत."

गवंडी मान वर करायचा नाही. गवंडीण मात्र एकेकाला पुरून उरत होती. "तुमच्या घराच्या भिंती यांनीच सरळ केल्यात," तिनं एकाला सुनावलं. "तेव्हा हसला नाहीत ते?"

दुपारी एकतिसाव्या खुंटीला गवंड्याला पाइपात बुडबुडा दिसला. वाटाण्याएवढा, मधोमध, आरामात बसलेला. बुडबुडा असला की नळी खोटं बोलते. तो कधीपासून तिथे होता हे देव जाणे. गवंडी बांधावर बसला आणि बराच वेळ त्या बुडबुड्याकडे बघत राहिला.

"पहिल्यापासून," तो म्हणाला.

"म्हणजे?" गवंडीण.

"म्हणजे लाल दगडापासून परत."

गवंडीणीनं वहीचं पान टर्रकन फाडलं, चुरगळलं, आणि इकडे तिकडे पाहून स्वतःच्याच कमरेला खोचलं. दुसऱ्याच्या शेतात कागद टाकणं तिच्यानं होणारं नव्हतं.

बुधवारी त्यांनी नळी दोनदा धुतली, पाणी हळूहळू भरलं, टिचक्या मारून मारून हवा काढली. दहाच्या सुमाराला बरोबरच्या शेताचं कुंपण आडवं आलं. काटेरी तार, आणि तारेपलीकडे बरोबर स्वतः, हातात मासे धरायची नवीकोरी काठी घेऊन.

"तार उचल, नळी जाऊ दे," गवंडी म्हणाला.

"तुमचं मोजमाप खरं निघालं तर माझ्या बांधाचं पाणी जाणार," बरोबर म्हणाला.

"जाईल."

"आणि खोटं निघालं तर तुमचं घर जाणार."

"हो."

बरोबर विचारात पडला. उभ्या आयुष्यात त्याच्यावर एकच बाजू घ्यायची वेळ पहिल्यांदाच आली होती. मासे धरायची काठी त्यानं एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "तुमचंही बरोबर आहे," तो पुटपुटला, आणि काठीनं तार उचलून धरली. सून वाकून आत शिरली, मागोमाग नळी. तो दुपारपर्यंत तसाच त्यांच्यासोबत चालत राहिला, तारा उचलत, आणि मधेच म्हणाला, "तसं मला पोहता येत नाही."

दुपारी मोजणीवाली आली. ती बांधावर बसली आणि बघत राहिली. अर्धी नळी उन्हात आणि अर्धी मक्याच्या सावलीत असली की गवंडी थांबायचा आणि उन्हातल्या भागावर ओलं पोतं टाकायचा.

"पोतं कशाला, काका?"

"ऊन लागलं की पाणी फुगतं. एका टोकाचं गरम आणि एका टोकाचं गार असलं तर दोघांचं जमत नाही."

"नवराबायकोसारखं," गवंडीण खुंटी ठोकत म्हणाली.

मोजणीवालीनं आपल्या वहीत काहीतरी लिहिलं. मग बूट काढले, पायजमा वर खोचला आणि गवंडीणीच्या हातातली कळशी घेतली. संध्याकाळी सूर्य टेकला तेव्हा साठावी खुंटी अंगणात बसली आणि सुनेनं शेवटची काठी पायरीवर टेकवली. तिनं बेरीज केली, पुन्हा केली.

"पायरी लाल खुणेच्या वर," ती म्हणाली, "सव्वाचार फूट."

गवंडीणीला हसू फुटलं. गवंडी मात्र हसला नाही. "उद्या इथून उलटं ओढ्यापर्यंत मोजत जायचं," तो म्हणाला. "तोच आकडा आला तर खरा."

गुरुवारी उलटं मोजलं. अर्ध्या इंचाचा फरक आला. सुनेच्या दोन्ही तळहातांना फोड आले होते आणि गवंडीण रात्रीच्या भाकरी थापायच्याऐवजी पाटावरच झोपून गेली. तिनं त्या दिवशी अंगण एकदाच झाडलं होतं, पण कुणी ते बोलून दाखवलं नाही.

*

शुक्रवारी सकाळी सभागृह आधीपेक्षा जास्त भरलं. यंत्र हरतंय की गवंडी, हे बघायला लोक कामं टाकून आले होते. मोजणीवालीनं गवंड्याची वही समोर ठेवली आणि भिंतीवरच्या पडद्यावर त्याचं घर आणलं, वरून दिसणारं.

"काकांचं मोजमाप मी तपासलं," ती म्हणाली. "त्यात चूक नाही."

मागून कुजबुज उठली. गवंड्यानं छाती थोडी पुढे काढली.

"पण यंत्राचंही चुकलेलं नाही. बाकी गावात सगळं जुळतंय. फक्त या टोकालाच घोळ आहे. काकांची पायरी पाण्याच्या वर सव्वाचार फूट. यंत्र म्हणतं, पाणी पायरीच्या वर पावणेतीन फूट. दोन्हींची बेरीज सात. बरोबर सात फूट, एक इंच इकडे नाही की तिकडे नाही. यंत्र चुकलं तर असं गोल गोल चुकत नाही." ती गवंड्याकडे वळली. "काका, तुमच्याकडे सात फूट उंच असं काय आहे?"

गवंड्याला आठवावं लागलं नाही. "न्हाणीघर," तो म्हणाला. "वरच्या स्लॅबपर्यंत सात फूट. मीच बांधलंय."

मोजणीवालीनं चित्र मोठं केलं. पत्रा मोठा झाला, अंगण मोठं झालं, न्हाणीघराचा चौकोनी स्लॅब मोठा झाला. स्लॅबवर दोन पातेली पालथी होती, एक गोधडी वाळत होती, आणि गोधडीशेजारी काळ्या-पांढऱ्या चौकटींची फळी स्वच्छ चमकत होती.



"ही मी अंगणात ठेवली होती," मोजणीवाली हळूच म्हणाली. "जमिनीवर. उंची तिथली घेतली. संध्याकाळी न्यायला आले तेव्हाही अंगणातच होती. मधल्या वेळात ती वर गेली, आणि नेमका तेव्हाच ड्रोन उडाला. या टोकाला ती एकच फळी. यंत्राला वाटलं स्लॅब म्हणजेच जमीन, म्हणून त्यानं तुमचं घर सात फूट खाली नेलं."

आधी एक जण हसला, मग सगळं सभागृह. "काखेत कळसा आणि गावाला वळसा," अध्यक्ष म्हणाले, आणि पुढे जरा कडक होऊन विचारलं, "सरकारी फळी उचलली कुणी?"

गवंड्याला सगळं कळलं होतं. कमरेला चुरगळलेला कागद खोचणारी बाई तीस वर्षं त्याच्या घरात होती. तीन दिवस तिनं उन्हात खुंट्या ठोकल्या होत्या, त्याही तिला स्वतःला ठाऊक नसलेल्या चुकीपायी. तो उभा राहिला. गावातला सर्वांत नेमका मोजणारा माणूस म्हणून त्याचं नाव होतं, आणि ते नाव त्यानं दोन वेळा नळी फिरवून परत मिळवलं होतं.

"मी उचलली," तो म्हणाला. "पायात येत होती. ध्यानात राहिलं नाही."

"अहो गवंडी," अध्यक्ष म्हणाले, "तुम्हीच? मोजमाप करणारा माणूस?"

हसणं पुन्हा सुरू झालं, आणि या खेपेला ते विजारीच्या हसण्यापेक्षा मोठं होतं. गवंडी खाली बघत उभा राहिला. त्याचे कान लाल झाले.

"खोटं बोलतायत ते," मागून आवाज आला.

गवंडीण सभेत याआधी कधी बोलली नव्हती. ती उभी राहिली आणि तिनं पुढच्या बाकाची पाठ धरली. "मी ठेवली वर. अंगणात पडली होती, कोंबड्या घाण करत होत्या. परक्याची वस्तू, परत नेताना कुणी नावं ठेवायला नकोत. म्हणून धुतली आणि वाळत घातली. संध्याकाळी होती तिथं आणून ठेवली." ती थांबली. तिला वाटलं एवढं पुरे, पण मग नवऱ्याच्या लाल कानांकडे तिचं लक्ष गेलं. "यांनी आयुष्यात कुठलीही खूण जागची हलवलेली नाही. हसायचं तर मला हसा. साबणानं धुतली होती, तेही सांगते."

कुणी हसलं नाही. मग मोजणीवालीच आधी हसली, अगदी मनापासून, इतकी की तिला डोळे पुसावे लागले. "काकू," ती म्हणाली, "पाच वर्षांत माझी फळी कुणी धुतली नव्हती." आणि तिनं सगळ्यांसमोर आराखड्याच्या कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: फेरमोजणी.

"बरोबर," बरोबर म्हणाला, आणि पहिल्यांदाच तो एकाच माणसाकडे, गवंडीणीकडे, बघून म्हणाला.

*

सोमवारी काठीवरचं यंत्र आलं. मोजणीवालीनं फळी अंगणात त्याच जागी मांडली आणि ड्रोन उडून उतरेपर्यंत गवंडीणीला तिच्यापाशी राखणीला बसवलं. ड्रोन डोक्यावर घोंघावत होता तेवढ्यात एक कोंबडी डुलत डुलत आली आणि फळीच्या मधोमध उभी राहिली. गवंडीणीचा हात पुढे गेला, मागे आला, पुन्हा पुढे गेला.

"हाकलू का गं पोरी?"

"हाकला. पण फळीला हात नको."

कोंबडी गेली, जाताना आपलं काम करून गेली. गवंडीणीनं डोळे मिटून घेतले आणि ड्रोन खाली उतरेपर्यंत उघडले नाहीत.

गुरुवारी दुपारी पुन्हा सगळे सभागृहात जमले. या खेपेला अध्यक्षांनी चष्मा हातात घेतला आणि, लोकांना नवल वाटलं, स्वतः न घालता गवंड्यापुढे धरला. गवंडी खुर्चीवर बसला नाही. चष्मा लावून उभाच राहिला.

"भरते हं," मोजणीवाली म्हणाली.

पडद्यावर सगळ्यांना दिसत होतं. निळं पाणी ओढ्यातून वर आलं, दोन्ही काठांवर पसरलं, बरोबरच्या शेताच्या अलीकडेच वळलं. शेवग्याच्या झाडांकडे चढायला लागलं. सुनेनं सासूचा हात धरला. पाणी झाडांच्या खाली, उतारावर, हळू झालं, आणखी हळू झालं, आणि थांबलं. मोजणीवालीनं कळ पुन्हा दाबून दाखवली. पाणी जागचं हललं नाही.

चष्मा डोळ्यांवर तसाच ठेवून गवंडी चालायला लागला, लहान लहान पावलं टाकत, हात पुढे करून. लोक बाजूला झाले. बाकापाशी वळला, पुन्हा दोन पावलं गेला आणि थांबला. मग कामावरून आल्यावर रोज जसा मागे हात टेकवायचा तसा त्यानं मागे हात नेला, गुडघे वाकवले आणि खाली बसायला लागला. तिथे काहीच नव्हतं, फक्त सभागृहाची फरशी.

ते वाकलेले गुडघे गवंडीणीनं तीस वर्षं पाहिले होते. ती उठली, खुर्ची उचलली आणि तो टेकायच्या आत त्याच्या खाली सरकवली. गवंडी बसला. दोन्ही बाजूंना हात फिरवून त्यानं जागा चाचपली, समोरच्या पाण्याकडे बराच वेळ पाहिलं, आणि सगळं सभागृह ऐकत असताना तिला एकटीलाच सांगावं तसं म्हणाला, "ये गं, बस. पायरी कोरडी आहे."